त्यात दोन मिळवायचे

पिशवी रिकामी होती. तळाशी लोण्याचा डाग पडलेली, तोंडाशी चुरगाळलेली कागदी पिशवी त्याच्या हातात होती आणि तो बेकरीच्या काचेसमोर फुटपाथवर उभा होता. आत शिरल्याचं त्याला आठवत होतं. काउंटरवरच्या बाईनं चिमट्यानं दोन गोड पाव उचलले, वर साखर भुरभुरलेले, तेही आठवत होतं. "बऱ्याच दिवसांनी?" असं तिनं विचारलं होतं आणि तो "हो ना" म्हणाला होता, जे खोटं होतं, कारण काल तो आला तेव्हा काउंटरवर दुसरी बाई होती. त्यानंतर एकदम ही पिशवी. मधलं काही नव्हतं. जिभेनं दाढेमागे चाचपलं तर साखरेचे कण लागले, म्हणजे खाल्लं त्यानंच होतं, चोर घरातलाच. खाल्ल्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पथ्य सुरू झाल्यापासून तो रोजच दुपारी खात होता; आज तर अजून सकाळच होती. पण आजवरचा प्रत्येक घास त्यानं जागेपणी खाल्ला होता, चवीनं, आपण काय करतोय ते जाणून, आणि त्या खाण्याला त्याच्या लेखी एक अर्थ होता. आज हातानं आणि तोंडानं अर्थाबिर्थाची वाट न पाहता आपसात काम उरकून टाकलं होतं. त्यानं शिंप्याच्या सवयीनं कडेला कड लावून पिशवीची घडी केली आणि खिशात घातली. मग खिसे वहिनी तपासते हे आठवून ती बाहेर काढली आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली.

दुकान तिथून हाकेच्या अंतरावर होतं. त्या रस्त्यावर त्याला सगळे धाकटे मास्तर म्हणायचे आणि त्याच्या भावाला थोरले मास्तर. खरी नावं बहुधा विजेच्या बिलावरच उरली होती. थोरल्यानं माप घ्यायचं आणि कापायचं, धाकट्यानं माप लिहायचं आणि शिवायचं, अशी वर्षानुवर्षं गेली. दोघांत मिळून एक शिंपी, असं वहिनी म्हणायची. गेल्या हिवाळ्यापासून दादा घरी होता आणि अख्खा शिंपी एकट्या धाकट्याला व्हावं लागत होतं. दादाचं यकृत कामातून गेलं होतं. दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाचं यकृत असं कसं जातं, याचं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भारी नवल वाटायचं, आणि दादा प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचा, "मी पीत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं." डोळे पिवळे पडले होते, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि पोट पाण्यानं वर आलं होतं. एकही शर्ट लागेना, म्हणून धाकट्यानं त्याला घरात घालायला नवे शिवून दिले, खांद्यात शाळकरी मुलाच्या मापाचे आणि पोटात आपल्या स्वतःच्या मापाचे. तसलं कापड कापताना आपण कुणासाठी कापतोय हे तो काही वेळ विसरायला बघत होता.

उपाय एकच होता, कुणाच्या तरी यकृताचा तुकडा. वहिनीचा रक्तगट जुळला नाही. धाकट्याचा जुळला, आणि ते कळलं तेव्हा वहिनी इस्पितळाच्या बाकावर बसून ढसाढसा रडली. "वहिनी, रडता काय," तो म्हणाला, "हे तर व्हायचंच होतं." मग त्याला एका थंड खोलीत आडवं करून पोटावर गार मलम फासलं. तपासणारा सांगत होता, "पोट आत ओढू नका, सैल सोडा." हेच वाक्य त्यानं दुकानात जन्मभर ऐकलं होतं, फक्त टेपच्या दुसऱ्या टोकाकडून. पडद्यावर त्याचं यकृत पांढुरकं दिसलं, धुकं पडलेल्या काचेसारखं. डॉक्टरीणबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी तिघांना समोर बसवून सांगितलं, "चरबी आहे. बाहेर दिसते ती नव्हे, आतली, यकृतात मुरलेली. असं यकृत कापायला घेतलं तर तुमच्याही जिवाला धोका, आणि यांच्या पोटात गेल्यावर ते कामाला लागेल याची खात्री नाही. आधी ती उतरवायची. रस्ते दोन. एक, खाणं कडक कमी करायचं. मनापासून केलंत तर यकृतातली चरबी लवकर उतरते, पुष्कळदा पोट कमी दिसायच्याही आधी. दुसरा, आठवड्याला एक सुई. तिनं भूकच मंदावते. त्याला वेळ जास्त लागतो, काहींना मळमळतं, पण भुकेशी रोज भांडावं लागत नाही. तुम्हाला काय झेपेल ते तुम्ही सांगा. थोरल्या मास्तरांकडे वेळ आहे, पण फार नाही."

"सुईबिई नको," तो तिथल्या तिथे म्हणाला. "मी खाणं सोडतो."

"शिंपी असून सुईला भिता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. वहिनीही रडून झालेल्या डोळ्यांनी हसली. पुढे ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची की भाऊजींनी औषध नाकारलं, मनाच्या जोरावर उतरवणार म्हणाले. त्यानंही ते कौतुक अंगाला लावून घेतलं. खऱ्या कारणाची त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. खरं कारण असं होतं की त्याला भीती वाटत होती, आणि नुसती भीती असती तरी एक वेळ चाललं असतं. त्याला द्यायचं नव्हतं. कापलेलं कापड पुन्हा वाढतं असं कोणी म्हणालं असतं तर त्यानं त्याला दुकानाबाहेर काढलं असतं, आणि डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या की उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. शिवाय, देशील का, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. दादानं नाही, वहिनीनं नाही. रक्तगट जुळला आणि प्रश्न मिटला. आईवडील गेल्यावर दादानं त्याला या शहरात आणलं, बोटाला अंगठाणा चढवून सुई धरायला शिकवलं, स्वतःचं लग्न झाल्यावरही त्याचा बिछाना त्याच घरात ठेवला. त्या घरात नाही हा शब्द ठेवायला जागा नव्हती. असं असताना पथ्यानं त्याला एक फट ठेवली होती. दुपारी पाव खाल्ला की तो कुणाला काही न बोलता थोडंसं नाही म्हणत असे, आणि संध्याकाळी उकडलेल्या भाज्यांच्या ताटावर बसून हो म्हणत असे. चरबी नाहीच उतरली तर तो बिचारा काय करणार. त्यानं तर जिवाचं रान केलं. सुईनं ही फट बुजली असती. भूकच गेली तर नाही म्हणायला आत कोण उरणार, असं त्याला वाटलं होतं.

आता ही चरबी आली कुठून म्हणाल तर वहिनीच्या हातची. त्याचं लग्न राहून गेलं. आज बघू, उद्या बघू करता करता बघणारेच थकले. संध्याकाळी दुकान बंद करून दोघं भाऊ घरी आले की वहिनी वाढायला बसायची. दादा चिमणीसारखा चार दाणे टिपून उठायचा. तिची सगळी हौस धाकट्यावर. "खाल्लेलं यांच्या अंगी लागतं हो," असं ती शेजारणीला अभिमानानं सांगायची. मूल नव्हतं तिला. ज्याच्या अंगी लागेल असा तो एकटाच होता त्या घरात. आणि आता तीच त्याला सकाळी डबा देत होती, त्यात उकडलेली अंडी, कोबी, काकडी, पालेभाजीचं पाणी. पाव, लोणी, साखर, भात, बटाटा सगळं तिनं घराबाहेर काढलं होतं. एवढ्यावर थांबली असती तरी ठीक होतं. पण भाऊजींना एकट्यांना कोरडं वाटायला नको म्हणून तीही त्याच्या समोर बसून तेच खायला लागली. परवा भांडी घासताना तिची अंगठी बोटातून निसटून मोरीत पडली, तेव्हा ती हसून म्हणाली, "बघा, पथ्य तुम्ही करताय आणि उतरतेय मी." त्यानं वाकून हात घालून अंगठी काढून दिली. तिच्या मनगटाची हाडं वर आलेली त्याला दिसली, आणि आपल्याला हे दिसायला नको होतं असं वाटलं.

दुकान उघडून तो टेबलापाशी उभा राहिला. बारा वाजता एक संगीतशिक्षक यायचे होते, कोटाच्या मापाला, आणि ते वेळेवर आले. धिप्पाड, घामाघूम, भिडस्त माणूस. टेप कमरेकडे जाताच त्यांनी श्वास आत धरला. धाकट्यानं विचारलं, "मुलं शिकतात का हो हल्ली नीट?" ते उत्तर द्यायला लागले की श्वास सुटला, पोट आपल्या जागेवर आलं आणि त्यानं आकडा वाचला. ही दादाची युक्ती. दादाची दुसरी युक्ती याहून जुनी होती आणि ती तिसऱ्या कानाला कधी कळली नाही, वहिनीच्याही नाही. गिऱ्हाइकाची कंबर चाळिशीच्या वर गेली की दादा आकडा मोठ्यानं सांगताना त्यातले दोन इंच कमी करून सांगायचा. धाकट्यानं लिहिताना त्यात दोन मिळवायचे. गिऱ्हाईक आरशात बघत ताठ व्हायचं, कोट अंगात चपखल बसायचा, कुणाचं काही बिघडायचं नाही. "आपण कापड विकत नाही," दादा म्हणायचा, "माणसाला दुकानातून जाताना थोडं बरं वाटावं, ते विकतो." एकदाच फसगत झाली होती. आजारातून उठलेला एक वकील आला होता, अगदी वाळून गेलेला. त्याची दया येऊन दादानं आकडा वाढवून पार चाळीस सांगितला, आणि धाकट्यानं सवयीनं त्यात आणखी दोन मिळवले. कोट तंबूएवढा झाला. वकील त्यात उभा राहून पोट धरून हसला आणि म्हणाला, "राहू दे मास्तर, यात मावेन तेव्हा येतो." तो आलाच नाही. कोट अजून मागच्या दांडीवर आहे. संगीतशिक्षकांचं माप संपता संपता धाकट्यानं मोठ्यानं म्हटलं, "कंबर बेचाळीस," आणि लिहिणारं कुणी नाही हे आठवून स्वतःच टेबलाशी जाऊन चव्वेचाळीस लिहिलं. शिक्षक खुशीत गेले.

ते गेल्यावर त्यानं डबा उघडला. अंडी, कोबी, काकडी, सगळं आपापल्या कोपऱ्यात, काकडीच्या चकत्या एकसारख्या कापलेल्या. त्याला भूक नव्हती. सकाळीही नव्हती, हे आता त्याच्या ध्यानात आलं. बेकरीत शिरताना पोटात कावळे ओरडत नव्हते, मनात भीतीही नव्हती, दादाही नव्हता. काहीच नव्हतं. पाय वळले होते. तो ते उलटसुलट करून बघत राहिला, कापडाची सुलट बाजू सापडत नसावी तसा. इतके दिवस तो समजत होता की तो रोज दुपारी नाही म्हणतो. चोरून का होईना, पण आपल्या मर्जीनं काहीतरी करतो. आणि आज कळलं की नाही म्हणणारा तो नव्हताच. पाव होता, हात होता, तोंड होतं. सुई घेतली तर आत कोणी उरणार नाही म्हणून तो भ्याला होता, आणि आत बघायला गेलं तर तसंही कोणी नव्हतं. हे त्याला फार दुःखानं वाटलं असं नाही. विजार बेतताना पाय उलटा कापला गेला की जसं वाटतं, एवढंच वाटलं. त्यानं डबा पुरता खाल्ला, एकेक चकती चावून, आणि काकडीला चव असते हे त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा दादा खिडकीजवळच्या खुर्चीत होता, सुजलेले पाय उशीवर ठेवून. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"अहो, बघितलंत का," ती दादाला म्हणाली, "विजार किती ढगळ झालीय यांची. मी चार दिवस बघतेय. टेप आणा हो भाऊजी, तुमच्या दादांकडून माप घेऊ. शनिवारी तपासायला जायचंच आहे, आधी मला तरी कळू दे."

विजार ढगळ होती, कारण ती धाकट्यानंच ढगळ केली होती. मागच्या शिवणीत शिंपी जादा कापड दाबून ठेवतो, माणूस सुटला तर पुढे सोडायला. मागच्या आठवड्यात दुकानात त्यानं स्वतःच्या विजारीची ती शिवण उसवून जादा कापड सोडलं होतं आणि पुन्हा शिवून टाकलं होतं. कुणी टेप लावून बघेल, असं मनात आलं नव्हतं. वहिनी डबा हातात देताना कमरेकडे बघायची, तिला काहीतरी दिसावं, एवढंच. आपल्या हाती टेप असताना त्यानं पथ्य सुरू झाल्यापासून स्वतःचं माप एकदाही घेतलं नव्हतं. शिंप्यानं स्वतःचं माप घेऊ नये, वाकून आकडा वाचायला गेलं की पोट बदलतं, असं दादाच शिकवायचा; ते त्याला ऐनवेळी फार सोयीचं पडलं होतं.

"राहू दे ना वहिनी, शनिवारी कळेलच," तो म्हणाला.

"आण टेप," दादा म्हणाला. "बसून बसून माझी बोटं आखडलीत."

त्यानं गळ्यातली टेप दिली आणि खुर्चीसमोर उभा राहिला. वहिनीनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि पेन्सिल घेतली. टेप हाती आली तशी दादाची आखडलेली बोटं सरावानं चालायला लागली. त्यानं टेप कमरेमागून घेतली, आणि टेप घेताना त्याचा अंगठा मागच्या शिवणीवरून गेला. तिथे तो थांबला. उसवलेल्या शिवणीशेजारी जुन्या टाक्यांची भोकं राहतात, इस्त्री फिरवली तरी जात नाहीत. डोळ्यांना दिसोत न दिसोत, अंगठ्याला लागतात. अंगठा वरून खाली गेला, पुन्हा वर आला. धाकटा भिंतीकडे बघत होता. या हातांनी त्याला सुई धरायला शिकवली होती, आणि आता ते हात त्याच्या पाठीमागे काय वाचतायत हे त्याला अक्षर न अक्षर कळत होतं.

"काय म्हणतं दुकान?" दादानं विचारलं.

"चाललंय," तो म्हणाला, आणि त्याचा श्वास सुटला.

दादानं टेप पुढे जुळवली, तिच्यावर मान वाकवली आणि दुकानातल्या त्या मोठ्या, खणखणीत आवाजात, जो या घरात हिवाळ्यापासून कुणी ऐकला नव्हता, म्हणाला, "कंबर, चव्वेचाळीस."

"शेहेचाळीस होती ना हो?" वहिनी लिहिता लिहिता म्हणाली. "पथ्याच्या आधी तुम्हीच सांगितलं होतंत, शेहेचाळीस. म्हणजे दोन इंच उतरले." ती पुठ्ठ्यावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होती. "आता आतलंही उतरलं असेल. त्या बाई म्हणाल्याच होत्या, आतलं आधी उतरतं म्हणून."

दादा टेप गुंडाळत होता. धाकट्याकडे न बघता तो म्हणाला, "आणि नसेल उतरलं तरी काय. सगळ्यांच्याच अंगाला मानवतं असं थोडंच आहे. त्यात कुणाचा दोष नसतो. काय रे?"

शेवटचं त्याला होतं. इतक्या दिवसांत कुणी त्याला काही विचारलं तर ते हेच, आणि एवढंच. नाही म्हणायला जागा नव्हती त्या घरात, ती दादानं आज करून दिली होती, दुकानाच्या रीतीनं, गिऱ्हाइकाला देतात तशी. जाताना बरं वाटेल अशी. त्याला आता फक्त गप्प राहायचं होतं. चव्वेचाळीस आकडा पुठ्ठ्यावर राहिला असता, शनिवारी पडद्यावर धुकं दिसलं असतं, डॉक्टरीणबाईंनी मान हलवली असती, आणि या खोलीतल्या दोघांनी ते गुपित आणखी एका गिऱ्हाइकाचं म्हणून पोटात ठेवलं असतं, एकानं थोडे दिवस आणि दुसऱ्यानं जन्मभर. वहिनी पेन्सिलीनं आकड्याखाली रेघ मारत होती. तिची अंगठी बोटावर दोऱ्यानं गुंडाळून घट्ट केलेली होती, शिंप्याच्या घरातल्या पांढऱ्या दोऱ्यानं. त्याला एकाएकी भूक लागली. नुसती भूक, तिच्यात काही म्हणणं नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "त्यात दोन मिळवा."

"कशात?"

"आकड्यात. दादा कमी सांगतो. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. लिहिताना मी दोन मिळवतो, तशी रीत आहे आमची." भिंतीवरून नजर न काढता तो बोलत होता. "शेहेचाळीस लिहा. विजार मी सोडून घेतलीय मागून. मी पथ्य केलं नाही वहिनी, एक दिवसही. रोज दुपारी बाहेर खातो. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जातो आणि सुई घेतो."

वहिनीनं दादाकडे बघितलं. दादा खिडकीबाहेर बघत होता. तिनं आकडा खोडला, नीट, दोनदा, आणि वर शेहेचाळीस लिहिलं, आणि पेन्सिल पुठ्ठ्यावर तशीच धरून ठेवली.

"सुईला वेळ जास्त लागतो म्हणाल्या होत्या ना त्या?" तिनं विचारलं.

"लागतो," तो म्हणाला.

दादानं गुंडाळलेली टेप त्याच्या हातात दिली, आणि ती देताना त्याचं मनगट धरून ठेवलं.

"लागू दे," तो म्हणाला. "मी कुठं चाललोय."